उंबरलीच्या रानातला चकवा

ऐका. शेंगा फोडायचं थांबवू नका, हात चालू द्या, कान इकडे द्या. आणि कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मागनं एकट्यानं जायची छाती व्हायची नाही, आधीच सांगून ठेवते.

तर आपल्या वरच्या आळीत गजराआत्या होत्या ना, त्यांची आई ठकू. नाव ठकू, पण जन्मात कुणाकडून ठकली नाही. अंगानं काडी. आवाज मात्र असा, की वाईच्या घाटावर हाक मारली तर इथं आपल्या पसरणीत म्हशी माना वर करायच्या. नवरा पटकीत गेला. पदरात एक पोर, गजरा. पाचगणीला तेव्हा साहेबांचे बंगले. ठकू एका बंगल्यात आया म्हणून लागली. मडमेला मुलगी झाली, ती ठकूच्याच मांडीवर वाढायला लागली. मग साहेबाची बदली झाली आणि मडम विलायतेला निघाली.

मडम म्हणाली, "ठकू, बोटीवर हे तान्हं तुझ्याशिवाय मला आवरायचं नाही. तू चल. पोर चालायला लागली की तुला परत पाठवीन. माझा शब्द."

ठकूनं पाच वर्षांच्या गजराला बहिणीच्या ओटीत घातलं. "फुडच्या होळीला येते," म्हणाली आणि गेली. सात समुद्र! आपल्या गावातलं कुणी तोवर सातारच्या पलीकडं गेलं नव्हतं.

मडमेचं सासर एका खेड्यात. खेडं म्हणजे आपल्यासारखंच बरं का. शेतं, मेंढरं, चिखल. फक्त पाऊस वर्षभर ठिबकतो. आणि गावाच्या पलीकडं रान. खरं नाव एम्बर्ली का काहीतरी होतं, ठकू म्हणायची उंबरली. उंबर औषधाला नाही तिथं! ओकाची झाडं, एकेका बुंध्याला चार माणसांनी कवळ घालावी अशी. किती राजे आले आणि गेले, पण त्या रानात नांगर म्हणून कधी शिरला नाही. आपली देवराई कशी, काडी मोडायची नाही? तसं नव्हे. तिथं तोडायचे. पण बुडखा ठेवून तोडायचे. त्याला फुटवे यायचे, परत तोडायचे, परत यायचे. हजार वर्षं तेच बुडखे! माणूस मरायचा, बुडखा मरायचा नाही. आता अशा रानात काहीच नसेल, असं होईल का?

वर्ष गेलं. पोर चालायला लागली. मडम शब्दाला जागली हो. मुंबईला निघालेली एक डॉक्टरीणबाई होती, तिला जुळ्यांसाठी आया हवी होती. तिच्याबरोबर ठकूचं तिकीट निघालं. संध्याकाळी सातच्या गाडीत बसायचं, सकाळी बोट. ठकूनं तिकीट चोळीत खोचलं. दिवसभर पाय जमिनीला लागत नव्हते तिचे.

आणि ऐका, तिथं थंडीत चार वाजता दिवस बुडतो. चार! आपण चहाला आधण ठेवतो, तिथं घुबडं बोलायला लागतात.

पाच वाजले. ठकू गाठोडं घेऊन दारात. घोडागाडीचा पत्ता नाही. जिन्यावरनं थोरली मडम खाली आली. आपल्या मडमेची, म्हणजे धाकटीची, सासू. काठी टेकत, ताठ.

"गाडी जुंपायची नाही असं मी सांगितलंय," थोरली म्हणाली. "तुझ्याशिवाय पोर झोपत नाही. तू पुढच्या वर्षी जा."

ठकूनं धाकटीकडं बघितलं. धाकटीनं खाली मान घातली.

आता हे सगळं विंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते. ठकूला विंग्रजी मोडकंतोडकं यायचं, पण राग कुठल्याही भाषेत चांगला येतो. ती म्हणाली, "मडम, तुमची नात तुमच्याजवळ हाय. माजी लेक माज्याजवळ न्हाय. म्या चालत जाईन."

थोरली हसली. "सडकेनं साडेतीन कोस आहे. पोचेपर्यंत गाडी गेलेली असेल. रानातनं दीड कोस, पण अंधारात उंबरलीतनं या गावचं कुत्रंसुद्धा जात नाही."

"म्या काय या गावची हाय व्हय?" ठकू म्हणाली. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडली.

मागं पोर रडायला लागली. ठकूच्या पाठीत काटा रुतल्यासारखं झालं. पण वळली नाही.

अंगावर लुगडं, वरनं मडमेचा जुना लोकरी कोट, पायात साहेबी बूट. रस्त्यानं सगळा गोठलेला चिखल, पाऊल टाकलं की करकर वाजायचा. रानाच्या तोंडाशी एक झोपडी. तिथं हॅरी नावाचा म्हातारा लाकूडतोड्या राहायचा. ठकू त्याला हरीबा म्हणायची. तो दारातच उभा होता.

"पोरी, कुठं निघालीस?"

"टेशनावर, हरीबा. रानातनं."

म्हाताऱ्यानं तिचा दंडच धरला. "सकाळपर्यंत थांब."

"सकाळी बोट सुटती."

"तर ऐक," हरीबा म्हणाला. "आत एक आहे. तिला स्वतःचं तोंड नाही. स्वतःचा आवाज नाही. आलेल्या माणसाचं घेते. माझा भाऊ गेला होता, एकोणीस वर्षांचा. आमची आई हाक मारतेय म्हणून गेला. आई तर माझ्याजवळ चुलीपाशी बसलेली! थंडी सरल्यावर तळ्यात सापडला. पन्नास वर्षं झाली, दिवस बुडल्यावर मी आत पाय टाकलेला नाही. उजेड दिसला तर जाऊ नको. हाक आली तर ओ देऊ नको."

ठकू म्हणाली, "हरीबा, आमच्याकडं याला चकवा म्हंत्यात. आमच्या वढ्यावर हाय की एक. तुमचा गोरा असंल, एवढंच."

म्हाताऱ्याला हसू आलं नाही. त्यानं आपला कंदील तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. झालं! ठकू आणि रान.

सुरुवातीला काही नाही. वाट चांगली रुंद. दोन्ही बाजूंना ते बुडखे, एकेकातनं दहा-दहा फुटवे, बोटं वर केल्यासारखे. ठकू चालतेय. बूट वाजतायत. करकर, करकर. मग तिच्या ध्यानात आलं, बूट चार वाजतायत.

थांबली. मागचे दोन एक पाऊल जास्त वाजले आणि थांबले.

"ये की बाजूनं," ठकू म्हणाली. "वाट रुंद हाय."

कुणी आलं नाही. ती पुढं निघाली. आता पुढं एक उजेड दिसला. कंदीलच. हलत हलत चाललेला, कुणीतरी टेशनाकडं निघाल्यासारखा. बरं वाटलं हो तिला! माणसाला माणसाचा आधार. पाय उचलणार, तेवढ्यात नीट बघितलं. उजेड हलत होता, पण झाडांच्या सावल्या हलत नव्हत्या. सावल्या नव्हत्याच. ठकूनं पाठ फिरवली. "तुजा दिवा तुज्यापाशी ठेव," म्हणाली.

फूऽऽ! तिच्या हातातला कंदील विझला. वारा नव्हता, बरं का. पान हलत नव्हतं. कानाजवळ कुणीतरी फुंकर मारली.

अंधार. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा. ठकूनं चाचपत पदराची चिंधी फाडली आणि एका फांदीला बांधली, खूण म्हणून. चालली. बरीच चालली. हाताला फांदी लागली, फांदीला चिंधी. परत चालली, आता डाव्या अंगानं. परत तीच फांदी, तीच चिंधी. तिसऱ्यांदा नाकासमोर चालली, पावलं मोजत. फांदी आली. हात फिरवला.

चिंध्या दोन!

दोन्ही तिच्याच लुगड्याच्या. एकच काठ, एकच वीण. ठकूनं आपला पदर चाचपला. एकाच जागी फाटलेला होता.

कुणीतरी सारा तिकडं ती शेंगांची टोपली. हां.

मग रडणं सुरू झालं. तान्ह्या पोराचं. मडमेची पोर! ओळखलं की तिनं, वर्षभर छातीशी धरलेली. हुंदका देऊन देऊन रडतेय, जसं तिला अंधारात एकटं टाकून दिलंय. ठकूचे हात आपसूक पुढं झाले. ती मटकन खाली बसली, बुडख्याला पाठ लावून, कान दाबून. "न्हाय ग बाय," म्हणाली. "तुजी आई घरात हाय. आजी हाय. तुला कुणी टाकलं न्हाय. गप." दातावर दात रोवून बसली. डोळ्यातनं पाणी चाललंय, पण उठली नाही.

रडणं थांबलं. रानाला कळलं, या आवाजाला ही बाई भुलायची नाही. मग त्यानं दुसरं काढलं.

"बय."

पोरांनो, आपल्यात आईला बय म्हणतात. त्या देशात हा शब्द कुणाच्या बापाला माहीत असणार?

"बय, ए बय. म्या गजरा."

ठकू उठलीच. सगळं विसरली. हरीबाला विसरली, वढ्यावरचा चकवा विसरली. "गजराऽऽ!" अशी हाक घातली की झाडांवरची पाखरं उडाली. आणि पळाली. फांद्या तोंडावर, काटे हाताला, गाठोडं कुठं पडलं तेही कळलं नाही. "आले ग माय! गजराऽऽ!" पळतेय, पळतेय. आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात!

बर्फाचा पापुद्रा फुटला. पाणी म्हणजे सुऱ्या. पायाखाली गाळ, खाली ओढणारा.

"बय, मला थंडी वाजतीया," पोर म्हणाली. पाण्याच्या आतनं.

ठकू मांडीपर्यंत गेली. आणखी एक पाऊल टाकलं असतं ना, तर आपण आज ही गोष्ट सांगायला बसलो नसतो. पण तेवढ्यात तिला राग आला. कसा? ती म्हणायची, मनात आलं, आत्ता माझी गजरा मावशीच्या कुशीत गोधडीत झोपलीय. ऊबदार. आणि हिनं तिला पाण्यात घातलं! खोटं का होईना, माझ्या लेकराला पाण्यात घातलं!

मग जे तोंड सुटलं तिचं! "भवाने! सटवे! माज्या लेकीचा आवाज चोरतीस? तुला बाप न्हाय, आय न्हाय, सवताचं तोंड न्हाय, म्हणून दुसऱ्याची लेकरं पांघरतीस व्हय? तुजं मढं बशिवलं! म्या सात समुद्र वलांडून आले, तुज्या डबक्यात मरायला न्हाय!" आणखी बरंच होतं, ते पोरांसमोर नको. बोलता बोलता तिनं काठावरच्या बुडख्याचे फुटवे दोन्ही मुठींत धरले आणि अंग ओढून काढलं. एक बूट गाळानं ठेवून घेतला.

आता तिनं डोळेच मिटले. दिसत काही नाही, दिसेल ते खोटं, मग उघडे ठेवायचे कशाला? तशीच निघाली. आणि धाडकन एका चरात पडली.

पडल्यापडल्या हात फिरवला. चर लांब. चराच्या कडेनं मातीचा उंचवटा, तोही लांब. ठकू शेतकऱ्याची पोर. हसलीच ती, चरात पडून. "बांध!" म्हणाली. "अग, हा तर बांध!" त्या रानाला चहूबाजूंनी बांध होता, जुन्या लोकांनी गुरं आत शिरू नयेत म्हणून घातलेला. वाट फिरवता येते, पोरांनो. पायवाट काय, आज इथं, उद्या तिथं. पण बांध? माणसांनी घाम गाळून खणलेला, पिढ्यान्‌पिढ्या भर घातलेला. तो कुठलं भूत हलवणार? बांध धरून गेलं की कधी ना कधी टेशनाच्या अंगाला निघायचंच.

ठकू गुडघ्यांवर रांगायला लागली. एक हात बांधावर, डोळे मिटलेले. मागं ती लागलेलीच. कोट ओढतेय, केस ओढतेय. "इकडं सडक आहे," हरीबाच्या आवाजात. "ठकू, परत ये, मी गाडी जुंपते," धाकटीच्या आवाजात. मग आगगाडीची शिट्टी! उजव्या अंगाला, रानाच्या आत. जवळच! गाडी निघाली का? उठून पळावं का? तिनं तळवा जमिनीला टेकवला. जमीन गार, मुकी. आगगाडी येते तेव्हा भुई हादरते की नाही? हादरली नाही. "वाजीव अजून," ठकू म्हणाली आणि रांगत राहिली.

किती रांगली कुणास ठाऊक. गुडघे फुटले. आणि मग शिट्टी नाही, काही नाही, पण तळव्याखाली भुई थरथरली. धडधड, धडधड. खरी गाडी! समोरनं! ठकूनं डोळे उघडले.

बांधाच्या वळणाला रान संपत होतं. पलीकडं टेशनाचे दिवे. आणि बांधावर, मधोमध, वाट अडवून एक बाई उभी.

लुगडं नेसलेली. वरनं लोकरी कोट. हातात गाठोडं. कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण. ठकूच!

ती ठकूच्या आवाजात म्हणाली, "तू ऱ्हा हितं. म्या जाते गजराकडं. तिला काय कळणार हाय?"

हा सगळ्यात मोठा डाव होता बघा. मरणाला ठकू भ्यायली नव्हती. पण हे? आपल्या घरात हे शिरणार, आपल्या पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवणार? ती म्हणायची, तेवढा एक श्वास माझ्या अंगातलं रगात गोठलं.

एकच श्वास. मग तिनं खाली बघितलं. त्या बाईचे पाय बांधाला टेकलेलेच नव्हते. चार बोटं वर.

"बांधावर उभं ऱ्हायची ऐपत न्हाय तुजी," ठकू म्हणाली, "आन् निगालीस माज्या घरला! हो बाजूला!"

नाही झाली. मग ठकूनं खाली मुंडी घातली, रेडा घालतो तशी, आणि सरळ तिच्या अंगावर धावली. अंगावर नाही, अंगातनं! विहिरीत उडी मारावी तसा गारठा. कानात, नाकात, तोंडात गारठा. मानेत पाच बोटं रुतली. कोटाचे बंद तुटले, कोट मागं ओढला गेला. ठकूनं हात मोकळे सोडले. कोट जाऊ दे! आणि ती बांधावरनं गडगडत रुळाकाठच्या खडीवर येऊन पडली.

गाडी हलली होती. गार्डानं बघितलं, चिखलानं माखलेली एक काळी बाई, पायात एकच बूट, केस सुटलेले, हातात तिकीट उंच धरून धावतेय. तो बिचारा दचकलाच! त्याला वाटलं, रानातलंच काही आलं. पण डॉक्टरीणबाईनं खिडकीतनं ओरडून सांगितलं, "ती माझी आहे, घ्या तिला!" त्यानं हात दिला. ठकू चढली. डब्यात बसली आणि मगच थरथरायला लागली. बोट सुटेपर्यंत थरथरत होती. मानेवर पाच निळे डाग होते, ते महिनाभर गेले नाहीत.

होळी हुकली तिची. रंगपंचमीला पसरणीत पोचली. गजरा मावशीच्या मागं लपली. बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बय?" पुढचे दोन दात पडलेले, शब्द नुसता फुसफुसला. ठकू दारातच बसली आणि रडली. रानातल्या आवाजाला सगळे दात होते ना! वर्षापूर्वीच्या पोरीचा तो आवाज. त्या रानानं ठकूच्या मनातलाच उचलला होता.

पुढं दोन वर्षांनी धाकटी मडम पाचगणीला परत आली. ठकूला बोलावणं धाडलं. ठकू गेली. चहा झाला, पोरीला कडेवर घेऊन झालं. मग मडम खालच्या आवाजात म्हणाली, "ठकू, हरीबा गेला. पण जायच्या आधी सांगत होता. दिवस बुडला की त्या रानातनं एक बाई हाका मारते. कुणाला न कळणाऱ्या भाषेत. गजराऽऽ, गजराऽऽ. आता मीही ऐकलंय. तुझाच आवाज गं."

ठकूनं बशी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मारू द्या. आवाज घावला तिला. पोर न्हाय घावली."

तर ऐका. तुमच्यातलं कोण ना कोण जाईल त्या देशात, आता काय, सगळेच जातात. दिवसा जा त्या रानात, निळी फुलं येतात म्हणे चैत्र-वैशाखात, बघून या. पण उन्हं कलली की बाहेर. कितीही जवळची वाट असो, सडकेनं या, साडेतीन कोस चाला, गाडी चुकली तर चुकू द्या. आणि परमुलखात, परक्या झाडांत, आपल्या भाषेत कुणी मायेनं हाक मारली, तर जीव गोळा होईल तुमचा, आपलं कुणीतरी भेटलं म्हणून. तरी थांबू नका. ओ देऊ नका. ती ठकू नाही. आपली ठकू घरी आली.